चिलीतील लोकशाहीचे पुनरागमन आणि शिक्षण सुधारणा : नागरी समाजाच्या भूमिकेचा ऐतिहासिक अभ्यास

चिलीमध्ये १९७३ च्या लष्करी उठावाने सत्तेवर आलेल्या जनरल पिनोशे यांच्या राजवटीने १० मार्च १९९० रोजी, म्हणजे सत्तात्यागाच्या आदल्या दिवशी, शिक्षणविषयक मूलभूत कायदा प्रसिद्ध केला. 'लोसे' या आद्याक्षरी नावाच्या या कायद्यात बदल करण्यास चार-सप्तमांश बहुमत आवश्यक होते. सिनेटमध्ये तर निवडून न आलेले सदस्यही होते. उच्च शिक्षण परिषदेतही लष्कर व पोलीस प्रमुखांनी संयुक्तपणे नेमलेल्या सदस्यास स्थान होते. सत्तांतर झाले तरी शिक्षणव्यवस्था जुन्याच चौकटीत राहावी, अशी ही तजवीज होती.

ही चौकट १९८० नंतर उभारली गेली. सरकारी शाळा नगरपालिकांकडे सोपविण्यात आल्या, विद्यार्थीसंख्येनुसार अनुदान सुरू झाले आणि शिक्षकांचा शासकीय सेवकाचा दर्जा गेला. प्रतिकाराची किंमतही मोठी होती. स्वतंत्र शिक्षक संघटनेचे नेते मान्युएल गेरेरो यांचे मार्च १९८५ मध्ये सांतियागोतील एका शाळेच्या दारातून अपहरण करून त्यांची हत्या करण्यात आली. त्याच वर्षी, राजवटीनेच स्थापन केलेल्या शिक्षक महासंघाच्या निवडणुकीत विरोधक विजयी झाले.

दुसरीकडे, विद्यापीठांबाहेर पडावे लागलेल्या अनेक संशोधकांना कार्डिनल सिल्व्हा हेन्रिकेस यांनी १९७५ मध्ये स्थापन केलेल्या अकादमीने आश्रय दिला. या वर्तुळातील अभ्यासकांनी गरीब वस्त्यांत मुलांसाठी अध्ययन कार्यशाळा चालविल्या. १९९० मध्ये अध्यक्ष आयल्विन यांच्या शासनाने सुमारे ९०० दुर्बल शाळांसाठी 'पी-९००' हा कार्यक्रम हाती घेतला, तेव्हा याच कार्यशाळा, वस्तीतील तरुण मार्गदर्शकांसह, शासकीय योजनेचा भाग झाल्या. हुकूमशाहीच्या काळात परिघावर तगलेले ज्ञान लोकशाहीत धोरण बनले, हे या प्रक्रियेचे सर्वांत फलदायी अंग होय.

मात्र याच यशात नागरी समाजाच्या दुबळेपणाचे बीज होते. स्वयंसेवी संस्थांतील तज्ज्ञ मंत्रालयात गेले आणि रस्त्यावरील प्रश्न कार्यालयीन झाला. १९९१ च्या कायद्याने शिक्षकांना सेवासंरक्षण परत मिळाले हे खरे. पण १९९३ मध्ये अनुदानित शाळांना पालकांकडून शुल्क घेण्याची वाट अधिक मोकळी करून दिली ती लोकनियुक्त शासनानेच. येथे केवळ 'लोसे'कडे बोट दाखविणे पुरेसे ठरत नाही.

२००६ च्या मे महिन्यात माध्यमिक विद्यार्थ्यांनी शाळा ताब्यात घेतल्या. गणवेशाच्या गडद निळ्या-पांढऱ्या रंगांवरून या उठावास 'पेंग्विन' हे नाव मिळाले. आंदोलकांपैकी अनेकांचे वय त्या कायद्याएवढेच होते. अध्यक्षा बाशेले यांनी ८१ सदस्यांची सल्लागार समिती नेमली आणि २००९ मध्ये 'लोसे'च्या जागी नवा कायदा आला. अनुदानित शाळांतील नफा, शुल्क आणि प्रवेशातील निवड टप्प्याटप्प्याने संपविण्याची तरतूद त्यात नव्हती; ती होण्यास २०१५ साल उजाडले.