अतामीचा चढ

१८९६ साली तोक्योहून अतामीला यायचं म्हणजे शेवटचा टप्पा माणसांच्या जोरावर पार करावा लागे. ओदावारापासून पुढे समुद्राच्या कड्याकडेनं अरुंद रूळ टाकले होते. त्यावर लाकडी बाकांचा एक छोटा डबा, आत पाच-सहा प्रवासी आणि मागून ढकलणारे दोन-तीन गडी. जेमतेम २५ किलोमीटरच्या वाटेला चार तास लागत. चढ आला की पहिल्या वर्गाचे प्रवासी बसून राहायचे, दुसऱ्या वर्गाचे उतरून चालायचे आणि तिसऱ्या वर्गाचे गड्यांबरोबर डबा ढकलायचे, असं इथले लोक अजून सांगतात. उतार लागला की गडी मागच्या फळीवर उडी मारून ब्रेक धरायचे. जगात आगगाड्या धावू लागून तोवर सत्तर वर्षं झाली होती, तरीही पैसेवाले लोक या ढकलगाडीत बसून अतामीला येत होते. आजारातून उठायला, थंडी टाळायला, उरलेले दिवस गरम पाण्यात काढायला.

मी आणि माझे यजमान, आम्ही दोघंही याच कामासाठी गेली काही वर्षं या गावाच्या चढउतारावर फिरतो आहोत. हे १९९९ साली, वाय-टू-केच्या धामधुमीत, तोक्योला आले. मी मुलीला घेऊन मागून आले. तेव्हापासून आमचं बिऱ्हाड निशिकासाईला, एदोगावा वॉर्डात, आपल्या लोकांच्या गोतावळ्यात. त्या काळी इथे म्हातारपण काढायचा विचारही कुणी करत नसे, कारण पेन्शन मिळायला २५ वर्षं हप्ते भरावे लागत. २०१६ मध्ये भारत आणि जपानचा सामाजिक सुरक्षा करार लागू झाला, २०१७ मध्ये २५ वर्षांची अट १० वर्षांवर आली, आणि निशिकासाईतल्या मराठी घरांत एक नवाच प्रश्न जेवणाच्या टेबलावर आला: आता राहायचं कुठे? तोक्योचं भाडं पेन्शनीत परवडत नाही. देवगडला आमच्या सासऱ्यांचं घर आहे. मुंबई गोदीतून निवृत्त होऊन ते तिथे गेले आणि हापूसच्या सावलीत पंधरा वर्षं सुखानं राहिले. पण शेवटच्या आजारपणात प्रत्येक तपासणीला कोल्हापूर गाठावं लागलं. त्यामुळे समुद्र हवा, पण दवाखाना चालत जाण्याच्या अंतरावर हवा, असं यांचं म्हणणं. मला भाजीवाली ओळखीची हवी.

म्हातारपणी घर सोडून वेगळं राहण्याची चाल जपानला नवी नाही. आपल्याकडे वानप्रस्थ पोथीत राहिला; इथे 'इन्क्यो' हा रोजच्या व्यवहाराचा भाग होता. घरचा कर्ता कारभार मुलाच्या हाती द्यायचा आणि परसातल्या लहान घरात किंवा दुसऱ्या गावी जाऊन राहायचा. १८९८ च्या नागरी कायद्यानं त्याला वयाची अटही घातली, ६० वर्षं पूर्ण. ही कलमं १९४७ पर्यंत टिकली. सगळ्यात थोर इन्क्यो मला वाटतो तो इनो तादाताका. सावारा गावचा हा व्यापारी ४९ व्या वर्षी मुलाच्या हाती दुकान देऊन मोकळा झाला, १७९५ साली एदोला, म्हणजे आजच्या तोक्योला गेला आणि आपल्याहून १९ वर्षांनी लहान असलेल्या गुरूकडे खगोलशास्त्र शिकायला बसला. १८०० पासून त्यानं जपानचा किनारा पायी मोजायला घेतला. १८०१ च्या मोजणीत इझूचा किनाराही होता, म्हणजे अतामीही त्याच्या दोरीखालून गेलं. निवृत्ती म्हणजे एका जागी बसणं नव्हे, हे त्यानं दोनशे वर्षांपूर्वी करून दाखवलं. यांना निवृत्तीची धास्ती वाटते तेव्हा मी त्याचंच नाव घेते.

अतामीचं नशीब उघडलं ते गरम पाण्यामुळे. १६०४ साली शोगुन तोकुगावा इएयासू दोन मुलांना घेऊन इथे आठवडाभर स्नानाला राहिला. पुढच्या शोगुनांनी इथलं पाणी पिंपांत भरून एदोच्या किल्ल्यात न्यायला सुरुवात केली. ओयू नावाचा मुख्य झरा ठरावीक वेळानं जमिनीतून उसळायचा. १८६० मध्ये ब्रिटिश राजदूत रदरफर्ड ऑलकॉक इथे आला असताना त्याचा टोबी नावाचा कुत्रा त्या उसळीत भाजून मेला. गावकऱ्यांनी त्याला माणसासारखं पुरलं. त्याचा लहानसा दगड झऱ्याजवळ आहे आणि मी तिथून जाताना थांबते. परक्या देशातल्या परक्याच्या कुत्र्यालाही या गावानं जागा दिली, याचं मला अप्रूप आहे. ओयू मात्र १९२३ च्या भूकंपानंतर थंडावला. आता तिथे उसळतं ते यंत्रानं उसळवलेलं पाणी.

मेइजी काळात सरकारी डॉक्टरांनी अतामीला आरोग्याचं गाव ठरवलं. गृहखात्याच्या आरोग्य विभागाचा प्रमुख नागायो सेनसाइ याचं मत असं की नुसतं पाण्यात बसून भागत नाही, चालायलाही हवं. त्यावरून योकोहामाच्या एका व्यापाऱ्यानं १८८६ मध्ये इथे प्लमच्या झाडांची बाग केली, ती आजही आहे. मंत्री आणि बडे अधिकारी हिवाळ्यात इथे मुक्काम ठोकायचे. इतके, की १८८९ साली सार्वजनिक टेलिफोनची लांब पल्ल्याची पहिली चाचणी तोक्यो ते अतामी अशी झाली. राजधानीला फोन कुठे न्यावासा वाटला, तर या मासेमारीच्या गावात. याच किनाऱ्यावरच्या ओइसोचीही हीच गत. पंतप्रधान राहिलेल्या इतो हिरोबुमीनं १८९६ मध्ये तिथे घर बांधलं आणि त्याच्यामागे पंतप्रधानांची रांग लागली.

या सगळ्या बड्यांच्या घरांतलं मला आवडलेलं घर एकच. उचिदा नोबुया या जहाजधंद्यातल्या माणसानं १९१९ मध्ये आपल्या आईसाठी बांधलेलं. तिचे पाय अधू होते. आज ते किउनकाकु या नावानं नगरपालिकेच्या ताब्यात आहे आणि तिकीट काढून आत जाता येतं. जुन्या जपानी घरात खोली आणि भोवतालच्या ओसरीत एका पावलाचा फरक असतो, वय झालेला माणूस नेमका तिथेच अडखळतो. इथे ओसरीलाही तातामी, म्हणजे गवताची जाड चटई, घातली आहे आणि ती खोलीच्या पातळीत आणली आहे. चाकांच्या खुर्चीतून त्या बाईला खोलीतून ओसरीवर आणि ओसरीतून बागेच्या काचेपर्यंत कुणाला हाक न मारता जाता यावं म्हणून. मी खाली बसून त्या दोन तातामींच्या सांध्यावरून तळहात फिरवला. कुठेही टोचलं नाही. म्हातारपणाचं घर कसं असावं, याचं एवढं नेमकं उत्तर मला कुठल्याच जाहिरातीत मिळालेलं नाही. पुढे हे घर १९४७ पासून र्योकान, म्हणजे जपानी पद्धतीचं अतिथिगृह, म्हणून चाललं, दाझाई ओसामू आणि तानिझाकी जुनइचिरो यांच्यासारखे लेखक इथे राहून गेले, आणि २००० मध्ये नगरपालिकेनं ते विकत घेतलं.

अतामी सामान्यांच्या आवाक्यात आलं ते रेल्वेमुळे, आणि त्या रेल्वेची किंमत इथे कुणी विसरू नये. १९१८ मध्ये तान्ना बोगद्याचं काम सुरू झालं. सात वर्षांत संपेल असा अंदाज होता, लागली सोळा. डोंगराच्या पोटात पाणीच पाणी होतं. १९२० मध्ये दरड कोसळून १६ कामगार गेले; आत अडकलेले १७ जण आठव्या दिवशी जिवंत निघाले. १९३० मध्ये तर बोगदा खोदला जात असतानाच भूकंपानं खडक सरकला. ७,८०४ मीटरचा हा बोगदा १ डिसेंबर १९३४ ला सुरू झाला तेव्हा ६७ माणसं त्यात गेलेली होती. दुसरं नुकसान डोंगरावर झालं. बोगद्यानं तान्नाच्या खोऱ्यातलं पाणी खाली ओढून घेतलं, वसाबीचे वाफे आणि भातखाचरं सुकली. शेतकऱ्यांनी भांडून भरपाई मिळवली आणि ते दुधाच्या धंद्याकडे वळले. आज तान्नाचं दूध त्या भागात प्रसिद्ध आहे. अतामीकडच्या तोंडापाशी कामगारांचं स्मारक आणि देऊळ आहे. मुंबई-पुणे मार्गावरचा बोरघाट ज्यांनी फोडला त्या मजुरांची आठवण आपण किती ठेवली, हा विचार तिथे हात जोडताना मनात येतोच.

त्यानंतरचा इतिहास वेगानं सरकतो. १९५० च्या एप्रिलमध्ये गावाचा मध्यभाग आगीत जळाला आणि पुन्हा उभा राहिला. १९६४ मध्ये शिनकानसेन आली. नवविवाहितांची जोडपी यायची, मग कंपन्यांच्या सहलींच्या बसगाड्या. १९६५ मध्ये गावाची लोकसंख्या ५४ हजारांवर होती. त्याच काळात डोंगर उतारांवर मजल्यांवर मजले चढले: हॉटेलं, कंपन्यांची विश्रामगृहं आणि तोक्योवाल्यांची सुट्टीची घरं. पाणी, कचरा, अग्निशमन यांचा भार गावावर, आणि मालक वर्षातून चार दिवस येणार. १९७६ मध्ये अतामीनं त्यावर स्वतःचा कर बसवला. घर इथे, पण रहिवासी म्हणून नोंद दुसरीकडे, अशा मालकानं दर चौरस मीटरला वर्षाला ६५० येन द्यायचे. हा कर अजून चालू आहे आणि माझ्या मते तो पूर्ण न्याय्य आहे. जो इथे राहतो त्याला तो लागत नाही.

नव्वदच्या दशकात पैशांचा फुगा फुटला. सहली आटल्या, हॉटेलं बंद पडली, २००६ मध्ये महापौर साइतो साकाए यांनी नगरपालिका आर्थिक संकटात असल्याचं जाहीर केलं. आज लोकसंख्या ३५ हजारांच्या आत आहे आणि त्यातले जवळपास निम्मे पासष्टीच्या पुढचे. गेल्या काही वर्षांत गाव सावरलं, बाजारपेठेत तरुण दुकानदार आले, पण तेजीच्या काळातली घरं स्वस्त झाली ती झालीच. पलीकडे नीगाता प्रांतात युझावाला तर स्कीईंगच्या लाटेत बांधलेल्या खोल्या लाख येनला, म्हणजे पन्नास-साठ हजार रुपयांना, विकायला लागलेल्या असतात. देशभरात २०२३ च्या पाहणीत ९० लाख घरं रिकामी निघाली.

लाख येनला घर म्हटलं की निशिकासाईतल्या आपल्या मंडळींचे डोळे चमकतात. म्हणून आम्ही पाहिलेल्या एका खोलीबद्दल सांगते. सत्तरच्या दशकातली इमारत, आठवा मजला, समोर अख्खी सागामी खाडी आणि हात्सुशिमा बेट. तळमजल्यावर सगळ्यांसाठी गरम पाण्याचा हौद. किंमत आमच्या सहा महिन्यांच्या तोक्योच्या भाड्याएवढी. एजंटबाई भल्या होत्या. "ओकुसान, आधी हा कागद बघा," म्हणत त्यांनी मेंटेनन्सचा आणि सिंकिंग फंडाचा तक्ता पुढे केला. दोन्ही मिळून महिन्याला ३८ हजार येन, आणि हौदाचे नळ बदलायचे म्हणून तो आकडा वाढणार होता. आधीच्या मालकानं दोन वर्षं पैसे भरले नव्हते. जपानी कायद्यात सोसायटीची ही थकबाकी नवा मालक फेडतो. घराची किंमत कमी का, ते त्या एका कागदात होतं. शिवाय इमारत १९८१ च्या जूनच्या आधीची, म्हणजे भूकंपाच्या जुन्या नियमांनी बांधलेली. आम्ही बाईंचे आभार मानले आणि खाली उतरलो.

उतरताना कळलं की उतरणं सोपं आणि चढणंच खरं. अतामीत स्टेशनपासून समुद्रापर्यंत सगळा उतार आहे. सत्तरीच्या एक बाई चाकांची पिशवी ओढत दर पंधरा-वीस पावलांवर कठड्याला टेकत होत्या. पिशवीतून सुकवलेल्या अजी माशांचं पाकीट डोकावत होतं, आपल्या खारवलेल्या बांगड्यासारखं, पोटातून उघडून सपाट केलेलं. मी पिशवी धरू का विचारलं. त्या म्हणाल्या, नको, रोजचं आहे, हे थांबलं की मीही थांबले. नागायो सेनसाइनं जवळपास एकशे चाळीस वर्षांपूर्वी हेच सांगितलं होतं.

डोंगराची दुसरी बाजूही आहे. ३ जुलै २०२१ ला मुसळधार पावसात इझुसान भागात वर टाकलेला मातीचा भराव वाहून आला आणि घरांसकट दोन डझनांहून जास्त माणसं गेली. तळिये आणि माळीण आठवणाऱ्या मराठी माणसाला त्याचं वेगळं वर्णन नको. त्यानंतर सरकारनं भरावाचा कायदा कडक केला, तो २०२३ च्या मे महिन्यात लागू झाला. आता आम्ही घर बघायला निघण्याआधी नगरपालिकेचा धोक्याचा नकाशा उघडतो आणि वर काय आहे ते बघतो. समुद्र किती दिसतो हे नंतर.

आमचं ठरलं आहे ते असं. विकत घ्यायचं नाही. पुढच्या हिवाळ्यापासून अतामीत सपाटीवर, हॉस्पिटलच्या जवळ, १९८१ नंतरच्या इमारतीत भाड्यानं राहायचं. रहिवासी म्हणून नाव तिथेच नोंदवायचं आणि सोमवारच्या कचऱ्यापासून गावच्या साफसफाईपर्यंत सगळ्यात उभं राहायचं. दोन हिवाळे आणि दोन पावसाळे गेल्यावर पुढचं बघू.

तुमच्यापैकी कुणी दापोलीला, गुहागरला किंवा देवगडला निवृत्तीसाठी प्लॉट बघत असेल, तर माझी विनंती आहे: दर विचारण्याआधी ते गाव कुणासाठी वसलं आणि तिथून कोण का गेलं ते एखाद्या म्हाताऱ्या माणसाला विचारा. जुलैत एकदा आणि मेमध्ये एकदा तिथे राहून या, विहिरीला पाणी किती उरतं ते बघा, आणि रात्री दोन वाजता डॉक्टरकडे जायला गाडी कुठून मिळते याची चौकशी करा. मगच टोकन द्या.