बहात्तरचा दुष्काळ आणि वरून दिसणारं रान

आमच्या लोणंदकडे बहात्तरचा दुष्काळ म्हटलं की सुकडी आणि खडी फोडणं आठवतं. योगायोग बघा, त्याच वर्षी २३ जुलै १९७२ ला अमेरिकेनं लँडसॅट-१ सोडला. आपला आयआरएस-१ए गेला १७ मार्च १९८८ ला.

हिरवं पान लाल प्रकाश शोषतं, अवरक्त परत फेकतं. त्या फरकावरून उपग्रह हिरवाई मोजतो. पण पानझडी रान उन्हाळ्यात उघडंच असतं. धावडा, सालई पानं टाकून पाणी वाचवतात. म्हणून एप्रिलचं एकच चित्र दाखवून 'जंगल मेलं' म्हणणं चूक. पाऊस लांबला की रान भरायलाही उशीर होतो, हे अनेक वर्षांची चित्रं शेजारी ठेवल्यावरच कळतं.

आणि निरेकाठचा ऊसही वरून हिरवाच दिसतो, बरं का! तालुक्यात हिरवाई वाढली असं कुणी सांगितलं, की मी आधी विचारतो, डोंगरावरची की पाटाखालची?