शब्दांची शोधाशोध आणि खिळे जुळवणारे हात

चार-दोन अक्षरे सांगायची आणि ती ज्यात आहेत असा लांबात लांब इंग्रजी शब्द शोधायचा, असा एक छंद आहे. पुष्कळांना तो रिकामटेकड्यांचा उद्योग वाटतो. आमची हयात कामगारांच्या सभांत आणि मालकांशी वाटाघाटी करण्यात गेली. शाळा लवकर सुटली. इंग्रजी जे काही आले ते शब्दकोश मांडीवर घेऊन करारपत्रे वाचता वाचता आले. अशा माणसाने शब्दखेळांच्या इतिहासावर बोलावे याचे आपणांस नवल वाटेल. पण या छंदाचा माग काढत गेले की वाट विद्वानांच्या दिवाणखान्यात न थांबता सरळ छापखान्यात जाऊन पोहोचते, म्हणूनच हा विषय आम्हाला परका वाटत नाही.

शब्दकोश पहिल्या अक्षराने लावलेला असतो. ज्याला शब्दाच्या पोटातली अक्षरे तेवढी ठाऊक आहेत, त्याला हा ग्रंथ फारसा उपयोगी पडत नाही. पाने चाळत बसावे लागते. एवढ्या कष्टाने माणसांनी काय काय शोधून ठेवले आहे! ‘फॅसिशस’ या शब्दात ए, ई, आय, ओ, यू हे पाचही स्वर ओळीने येतात. ‘स्ट्रेंग्थ्स’ या शब्दात नऊ अक्षरे आणि स्वर एकच. टंकलेखन यंत्राच्या वरच्या एका ओळीवर बोटे फिरवून ‘टाइपरायटर’ हा दहा अक्षरांचा शब्दही निघतो. ‘डर्मॅटोग्लिफिक्स’ हा पंधरा अक्षरांचा शब्द तर एकही अक्षर पुन्हा येऊ देत नाही. त्याचा अर्थ तळहातावरच्या आणि बोटांवरच्या रेषांचे शास्त्र. हाताचे शास्त्र! हा शब्द आम्हाला विशेष आवडतो.

आता, कोणते अक्षर सुलभ आणि कोणते दुर्मिळ हे कळल्याशिवाय असला शोध पुढे सरकत नाही. हे ज्ञान पूर्वीपासून कोणाजवळ होते? खिळे जुळवणाऱ्या कामगाराजवळ. त्याच्या पुढ्यात दोन खणपेट्या असत. मोठ्या लिपीची अक्षरे वरच्या पेटीत आणि लहान लिपीची खालच्या पेटीत. इंग्रजीत त्या अक्षरांना आजही ‘अपर केस’ आणि ‘लोअर केस’ म्हणतात ते यावरूनच. लहान अक्षरांत ‘ई’चा खण सर्वांत ऐसपैस आणि हाताशी; क्यू, झेड या मंडळींना लहानसे खण. न पाहता हात योग्य खणात जाई. (आपल्या मराठी जुळाऱ्याचे काम याहून बिकट, काना-मात्रा आणि जोडाक्षरे यांमुळे त्याला शेकडो प्रकारचे खिळे सांभाळावे लागत.)

मोर्सच्या तारायंत्राची लिपी तयार होत होती तेव्हाची, म्हणजे १८३०च्या दशकाच्या अखेरीची गोष्ट सांगतात. मोर्सचा सहकारी आल्फ्रेड व्हेल हा न्यू जर्सीतील मॉरिसटाउन गावच्या एका वृत्तपत्राच्या छापखान्यात गेला आणि पेटीतले खिळे मोजून आला. बारा हजार ‘ई’, नऊ हजार ‘टी’, पाचशे ‘क्यू’ आणि ‘झेड’ अवघे दोनशे, असे ते आकडे प्रसिद्ध आहेत. म्हणून ‘ई’ला एक टिंब मिळाले आणि ‘टी’ला एक रेघ. ग्रंथ पालथे न घालता त्याने खणपेटी पाहिली, यात शहाणपण होते. मोर्स आणि व्हेल यांची नावे इतिहासात राहिली. त्या छापखान्यातल्या जुळाऱ्याचे नाव फारसे कोणी घेत नाही.

१८८६ साली ‘न्यू यॉर्क ट्रिब्यून’मध्ये मर्गनथालरचे लायनोटाइप यंत्र बसले, तेव्हा त्याच्या कळाही याच हिशेबाने लागल्या. पहिल्या रांगेत ई, टी, ए, ओ, आय, एन. दुसरीत एस, एच, आर, डी, एल, यू. ओळ चुकली की कामगार या दोन रांगांवरून बोट खाली ओढून ती कशीबशी भरून टाकी, म्हणजे पुढे ती काढून टाकता येई. एखादे वेळी ती तशीच छापली जाई आणि सकाळी वाचकाला बातमीच्या मध्येच ‘इटॅओइन श्रडलू’ असे भूत दिसे.

शब्दकोड्यांचे वेड यानंतरचे. २१ डिसेंबर १९१३ रोजी ‘न्यू यॉर्क वर्ल्ड’मध्ये आर्थर विन याने पहिले कोडे छापले, १९२४ साली कोड्यांचे पुस्तक निघाले आणि लोक असे झपाटले की न्यू यॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयाला, कोडी सोडवणारे शब्दकोशांभोवती गर्दी करून खऱ्या अभ्यासकांना जागा ठेवत नाहीत, अशी तक्रार करावी लागली.

पण आमचे मन गुंतते ते आल्फ्रेड बट्स या माणसात. व्यवसायाने वास्तुशिल्पी. १९३१ साली महामंदीत नोकरी गेली. बेकार माणसाजवळ वेळाखेरीज भांडवल नसते. त्याने ‘न्यू यॉर्क टाइम्स’ची पाने घेतली आणि कोणते अक्षर किती वेळा येते ते बसून मोजले. खिळ्यांच्या पेटीतले गणित त्याने छापलेल्या कागदावरून परत मिळवले, असे म्हणा ना. त्यावरून शंभर ठोकळ्यांचा खेळ सिद्ध झाला: ‘ई’चे बारा ठोकळे, किंमत एक गुण, ‘क्यू’ आणि ‘झेड’चा एकेकच, किंमत दहा. ‘एस’ मात्र मुद्दाम चारच ठेवले, नाहीतर जो तो अनेकवचने करून गुण लाटील. सातही ठोकळे एका डावात लावणाऱ्याला पन्नास गुण अधिक, म्हणून लांब शब्दाची हाव. खेळांच्या कारखानदारांनी तो नाकारला. १९४८ साली जेम्स ब्रुनो याने ‘स्क्रॅबल’ नाव देऊन तो बाजारात आणला. पुढच्या साली चोवीसशे संच करून साडेचारशे डॉलर तोटा सोसला, आणि १९५२ नंतर मागणी पुरी करता येईना. बट्सच्या वाट्याला दर संचामागे सुमारे तीन सेंट आले. आमच्या हिशेबाने ही मजुरी फार थोडी. तरी पुष्कळ कल्पक कामगारांना तेवढीही मिळत नाही.

ज्या कामगारांच्या बोटांत हे गणित होते त्यांचे पुढे काय झाले? ८ डिसेंबर १९६२ रोजी न्यू यॉर्कच्या मुद्रक संघटनेने संप पुकारला. तो ११४ दिवस चालला. पगाराइतकाच प्रश्न होता तो नव्या यंत्रांचा. आपली यंत्रे थांबवता येत नाहीत हे त्या पुढाऱ्यांना अखेर उमजले. १९७४च्या करारात त्यांनी यंत्रांना वाट दिली आणि बदल्यात कामावर असलेल्यांसाठी तहहयात नोकरीची हमी घेतली. असा करार पदरात पाडून घेणे किती अवघड असते, ते वाटाघाटीच्या मेजाशी बसलेल्यालाच कळते. नव्या मुलांसाठी मात्र त्या धंद्याचे दार बंद झाले. आता कोणतीही अक्षरे सांगा, संगणक डोळ्याचे पाते लवते न लवते तोच सगळ्या शब्दांची यादी पुढे टाकतो.

‘न्यू यॉर्क टाइम्स’चा अंक लायनोटाइपवर शेवटचा जुळवला गेला तो २ जुलै १९७८चा. त्या रात्रीचा एक माहितीपट आहे. तो केला त्याच वृत्तपत्रातल्या एका मुद्रितशोधकाने, त्यात निवेदन केले एका लायनोटाइप कामगाराने, आणि नाव दिले आहे ‘फेअरवेल, इटॅओइन श्रडलू’.