मृत्यूच्या नोंदवहीतला उन्हाळा

डिसेंबर २००९मध्ये कोपनहेगनला जगभरचे राष्ट्रप्रमुख जमले. पृथ्वीची तापमानवाढ दोन अंशांच्या आत राखायची, असं तिथल्या मसुद्यात लिहिलं गेलं. आम्हा विदर्भातल्या माणसांना दोन अंशांचं काय? बेचाळीस असो की चव्वेचाळीस, डोक्याला दुपट्टा बांधायचा आणि निघायचं.

पाचच महिन्यांनी, २१ मे २०१० रोजी, अहमदाबादेत पारा ४६.८ अंशांवर गेला. किती माणसं दगावली, हे लगेच कुणाला सांगता येईना. उन्हानं गेलेला माणूस कागदावर बहुधा उन्हानं गेलेला नसतोच. कुठं हृदयविकार लिहितात, कुठं वृद्धापकाळ. म्हणून अभ्यासकांनी कारणं बाजूला ठेवली आणि महापालिकेच्या जन्म-मृत्यू नोंदणी कार्यालयातले नुसते मृत्यू मोजले. आदल्या आणि पुढच्या वर्षीच्या मे महिन्याशी ताडून पाहिलं, तर १,३४४ मृत्यू जास्तीचे निघाले! कारकुनी अक्षरातल्या त्या नोंदींना मी अलीकडच्या इतिहासातला मोठा दस्तऐवज मानतो. आम्ही कवी उन्हावर पुष्कळ लिहितो, पण मोजत नाही.

हवामानबदलाबाबत देशाचा कृती आराखडा २००८मध्येच झाला होता. त्यातल्या आठ मोहिमांत आरोग्याची एकही नव्हती. ती उणीव एका महापालिकेनं आपल्यापुरती भरून काढली. गांधीनगरची भारतीय सार्वजनिक आरोग्य संस्था आणि काही परदेशी अभ्यासक यांना सोबत घेऊन अहमदाबाद महापालिकेनं २०१३मध्ये उष्णता कृती आराखडा आणला. दक्षिण आशियातला तो पहिलाच. त्यातली कामं अगदी साधी. पारा ४१ अंशांच्या वर गेला की पिवळा इशारा, ४३च्या वर नारंगी, ४५ला लाल. मग पाणपोया, दुपारी उघड्या ठेवलेल्या बागा, डॉक्टरांना आणि आरोग्यसेविकांना प्रशिक्षण. शहरातल्या शारदाबेन रुग्णालयात बाळंतिणींचा कक्ष सर्वांत वरच्या मजल्यावर, तापलेल्या छताखाली होता. तो खाली हलवला, तर उष्णतेनं आजारी पडणारी नवजात बाळं कमी झाली. जागतिक परिषदेचे दोन अंश असे जिना उतरून खाली आले म्हणायचे.

या आराखड्यामुळं वर्षाला सरासरी १,१९० मृत्यू टळले, असा अंदाज २०१८च्या एका अभ्यासात मांडला गेला. तोवर, २०१६मध्ये, आमच्या नागपुरानंही तसाच आराखडा केला होता.

एक गोष्ट मात्र मला खटकते. लाल इशाऱ्याच्या दिवशी भर दुपारी बाहेर पडू नका, असं हातगाडीवाल्याला, विटा वाहणाऱ्या बाईला सांगितलं जातं. घरी राहायचं, तर घरावरही पत्राच. आणि त्या दिवसाचा बुडालेला रोज कोण भरून देणार, याची तरतूद अहमदाबादच्या त्या पहिल्या आराखड्यात नव्हती.