स्वमग्न मुलांचे मूल्यमापन : विचार व सामाजिक आकलन

स्वमग्न मुलाची विचारशक्ती आणि दुसऱ्याच्या मनातले ओळखण्याची क्षमता तपासण्याची मानसशास्त्रीय प्रक्रिया (पहा : स्वमग्नता, बुद्धिमापन). बॅरन-कोहेन, लेस्ली व फ्रिथ यांनी १९८५ मध्ये सॅली-ॲन चाचणी वापरली : सॅली टोपलीत गोटी ठेवून बाहेर जाते, ॲन ती खोक्यात हलवते, परतलेली सॅली गोटी कुठे शोधेल? २० पैकी १६ स्वमग्न मुलांनी टोपलीऐवजी खोके दाखवले, म्हणजे सॅलीचा समज ओळखला नाही. मात्र हे उत्तर प्रश्नाची भाषा कळण्यावरही अवलंबून असते. ठाणे, कल्याण-डोंबिवलीत घरी आगरी, गुजराती वा तमिळ आणि शाळेत इंग्रजी, अशी अनेक मुले आहेत. घरच्या बोलीत न विचारलेला प्रश्न त्यांचे आकलन नव्हे, भाषाच मोजतो. डॉसन व सहकाऱ्यांच्या २००७ च्या अभ्यासात स्वमग्न मुलांचे शब्दविरहित रेव्हन आकृती-चाचणीतील स्थान अंशतः भाषेवर आधारलेल्या वेक्सलर चाचणीपेक्षा सरासरी ३० शतमकांनी वर आले.

वेगवेगळ्या चाचण्या कशाला, अपंगत्व प्रमाणपत्राला तर एकच आकडा लागतो, हा आक्षेप रास्त आहे. त्यासाठी भारतात ‘इसा’ ही ४० घटकांची मापनश्रेणी वापरतात (पहा : दिव्यांग हक्क अधिनियम, २०१६). पण ती स्वमग्नतेची तीव्रता ठरवते. शिकवण्याची दिशा ठरवायला शब्दविरहित चाचणी, घरच्या भाषेतील संवाद आणि खेळातले निरीक्षण, तिन्ही स्वतंत्रपणे नोंदवावी लागतात.