पुराचे दार आणि भीमेचा काठ

श्रावणात दौंडच्या काठावर उभे राहिले म्हणजे समोरून जाणारे पाणी एका नदीचे दिसते. वस्तुतः ते एका नदीचे नसते. भीमाशंकराच्या डोंगरातून निघालेली भीमा, तुळापुरास तिला मिळालेली इंद्रायणी, रांजणगाव सांडस व पारगावच्या परिसरात येऊन मिळालेली मुळा-मुठा आणि कुकडीला पोटात घेऊन शिरूरच्या वेशीवरून आलेली घोड, एवढ्यांचे ते पाणी असते. सह्याद्रीवर पडलेला पाऊस आणि पुण्यासारखे अवाढव्य शहर या दोहोंचा हिशेब शेवटी आपल्या दोन तालुक्यांच्या थडीवर होतो. म्हणूनच आजचा प्रश्न आम्ही येथे मांडण्याचे ठरवले. पूर येतो तेव्हा पाण्याला वाट कोणाच्या दारातून द्यावी? शहर वाचवावे की शेत? आणि हे ठरवण्याचा अधिकार कोणाचा?

जगात काही देशांनी हा प्रश्न उघडपणे सोडवण्याचा प्रयत्न केला आहे. त्यासाठी त्यांनी जी योजना केली तिला आपण पूरमार्ग म्हणू. नदीच्या दोन्ही काठांना बांध घालून तिला आवळायचे, आणि एके ठिकाणी बांधामागे शेतीचा मोठा पट्टा राखून ठेवायचा. पाणी हाताबाहेर जाऊ लागले की त्या ठिकाणचा बांध उघडायचा अथवा फोडायचा, म्हणजे पाणी शेतात पसरते व खालच्या वस्त्यांवरील ताण उतरतो. ऐकायला ही गोष्ट सोपी वाटते. पण जे शेत बुडते तेही कोणाचे तरी असते.

अमेरिकेतील मिसिसिपी नदीचा १९२७ सालचा पूर या बाबतीत फार बोलका आहे. न्यू ऑर्लिन्स हे व्यापाराचे शहर धोक्यात आले, तेव्हा तेथील धनिक व सत्ताधारी मंडळींनी शहराच्या खालच्या अंगाचा बांध सुरुंगाने फोडण्याची परवानगी मिळवली. २९ एप्रिल १९२७ रोजी बांध फोडला गेला. दोन परगण्यांतील सुमारे दहा हजार गरीब माणसे घरादाराला मुकली. त्यांना भरपाईचे वचन दिले होते, परंतु बहुतेकांच्या हाती फारच थोडे पडले. आणि दैवदुर्विलास असा की लवकरच वरच्या अंगाचे बांध आपोआप फुटले. म्हणजे शहरावरील पाणी तसेही उतरणार होते. ज्यांचे बुडवले ते व्यर्थच बुडवले.

त्या अनुभवाने तो देश शहाणा झाला. १९२८ साली तेथे कायदा झाला आणि मिसुरी राज्यात बर्ड्‌स पॉइंट येथे पूरमार्ग आखला गेला. त्या पट्ट्यातील जमिनीवर पाणी सोडण्याचा हक्क सरकारने मालकांना पैसे देऊन आधीच विकत घेतला. १९३७ साली तो प्रथम वापरला. पुढे ७४ वर्षे त्याची गरज पडली नाही. नंतर २ मे २०११ रोजी, ओहायो व मिसिसिपीच्या संगमावरील केरो हे गाव बुडण्याच्या बेतात असता, जनरल मायकेल वॉल्श यांनी बांध उडवण्याचा हुकूम दिला. सुमारे १ लाख ३० हजार एकर जमीन पाण्याखाली गेली. केरोची वस्ती तीन हजारांचीही नव्हती, म्हणून मिसुरी राज्याने थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत दाद मागितली. न्यायालयाने हात घातला नाही. वॉल्श यांचा युक्तिवाद एका गावापुरता नव्हता. संपूर्ण नदीवरील बांधांचा ताण उतरवणे हा त्यांचा हेतू होता. तो निर्णय योग्य की अयोग्य यावर आजही मतभेद असतील. परंतु तेथील माणसांना आधी हलवले होते, आपल्या जमिनीवर हा हक्क आहे हे मालकांना ठाऊक होते, आणि हुकूम कोणी दिला हेही सर्वांना ठाऊक होते. १९२७ आणि २०११ यांत फरक आहे तो हाच.

आता आपल्या खोऱ्याकडे वळू. भीमेच्या काठी असा कोणताही पूरमार्ग नाही. आपली नदी काळ्या कातळात खोल पात्र कापून वाहते, सपाट मुलुखातील नद्यांप्रमाणे बांधांत कोंडलेली नाही. तेव्हा कोणी म्हणेल की हा प्रश्न आपला नव्हेच. आमचे म्हणणे नेमके उलट आहे. आपल्याकडे बांध फोडायचा नसतो हे खरे, पण धरणाचे दार उघडायचे असते. पाणी किती, केव्हा आणि कोणावर सोडायचे हा निर्णय दर पावसाळ्यात होतो.

त्याचा सर्वांत कडू धडा १२ जुलै १९६१ चा. आंबी नदीवरील पानशेतचे मातीचे धरण पुरते झालेले नव्हते, पाणी सोडण्याच्या मोरीचे काम अपुरे होते, तरीही त्या पावसाळ्यात त्यात पाणी साठले. ११ जुलैला धरण खचू लागल्याचे ध्यानात आले. लष्कराच्या जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली. सकाळी सातच्या सुमारास धरण फुटले. ते पाणी खडकवासल्याच्या १८७९ सालच्या दगडी धरणावर येऊन आदळले आणि दुपारी तेही फुटले. नदीकाठच्या पेठा वाहून गेल्या. चौकशीसाठी आधी न्यायमूर्ती बावडेकर आणि त्यांच्या दुर्दैवी मृत्यूनंतर न्यायमूर्ती नाईक यांची नेमणूक झाली. धरण का फुटले याचा ऊहापोह पुष्कळ झाला आहे, तो आम्ही येथे करीत नाही. आमच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट ही की धरण खचताना दिसल्यापासून ते फुटेपर्यंत एक अख्खी रात्र हाताशी होती. त्या रात्री शहराला स्पष्ट इशारा मिळाला नाही, ही तक्रार त्या पिढीने अखेरपर्यंत केली. निर्णय न घेणे हाही एक निर्णयच असतो, आणि तो बहुधा सर्वांत महाग पडतो.

पानशेतचा पूर म्हटला की पुण्याच्या पेठा आठवतात. पण ते पाणी पुण्यात थांबले नाही, ते याच पात्राने भीमेत उतरले. जात्यातले रडतात आणि सुपातले हसतात अशी म्हण आहे. नदीच्या बाबतीत सूप आणि जाते यांत काही तासांचेच अंतर असते.

त्यानंतर पानशेत पुन्हा बांधले गेले, वरसगाव झाले, टेमघर झाले. खडकवासला धरून चारही धरणांत मिळून सुमारे २९ टीएमसी, म्हणजे २९ अब्ज घनफूट, उपयुक्त पाणी मावते. त्यांत एकट्या खडकवासल्याचा वाटा जेमतेम २ टीएमसीचा. तीन घागरींखाली एक पेला ठेवावा तशी ही रचना आहे. वरून सेकंदाला ४० हजार घनफूट पाणी येऊ लागले तर रिकामा पेला १४ तासांत भरेल आणि अर्धा भरलेला ७ तासांत. मग दार उघडण्यावाचून गत्यंतर नसते. आधीच बेताबेताने सोडावे तर पाऊस उघडल्यास साठा गेला म्हणून ओरड होते. धरून ठेवावे तर पुढे एकदम सोडावे लागते. जुलै २०२४ मध्ये पहाटे विसर्ग वाढला आणि सिंहगड रस्त्यालगतच्या एकतानगरीत लोक घरात पाणी शिरल्यावर जागे झाले. त्र्याहत्तर दिवसांचे नव्हे, त्रेसष्ट वर्षांचे अंतर मध्ये होते, तरी तक्रार तीच होती: आम्हाला वेळेवर कळले नाही.

शहरात ही दशा, तर खाली काय? पुण्यातून निघालेले पाणी आपल्याकडे येते तेव्हा भीमेत चासकमानचे व घोडेत चिंचणीच्या धरणाचे पाणीही उतरत असते. प्रत्येक धरणाचा अधिकारी आपापले दार पाहतो, बेरीज मात्र दौंडच्या काठावर होते. त्यात पुढे उजनी आहे. १९८० साली पूर्ण झालेल्या या धरणात ११७ टीएमसी पाणी मावते. ते भरले की त्याचा फुगवटा इंदापूर, करमाळा, कर्जत व दौंड तालुक्यांच्या शिवारांपर्यंत मागे येतो. उजनीने दार उघडावे तर खाली पंढरपूर आहे. त्यातही नरसिंहपुराजवळ नीरेचा पूर भीमेला येऊन मिळत असेल तर उजनीला हात आखडता घ्यावा लागतो. वरून पुणे सोडते, खालून पंढरपूर थोपवते, आणि मधल्या थडीवर ऊस उभ्याचा आडवा होतो, मळईची माती खरवडून जाते, काठावरच्या मोटारी वाहून जातात. कागदावर पूरमार्ग कोठेच नाही, पण व्यवहारात पूरमार्ग आपणच आहोत.

आमचे म्हणणे शहराविरुद्ध नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. लाखो माणसांच्या वस्तीवर आणि एका शिवारावर सारखाच प्रसंग आला तर माणसे आधी वाचवावीत, याविषयी शिरूर-दौंडच्या शेतकऱ्याला उपदेशाची गरज नाही. पण त्याग आणि लूट यांत भेद आहे. ज्याला आधी विचारले, ज्याला वेळेवर सांगितले आणि ज्याचे भरून दिले, त्याने केला तो त्याग. बाकी सारी लूट. उन्हाळ्यात कालव्याचे आवर्तन लांबते तेव्हा शहराची तहान आधी असे आम्ही ऐकतो आणि मान्यही करतो. मग पावसाळ्यात त्याच शहरावरचे पाणी आमच्या शिवारातून जाते, त्याचा हिशेब कोणत्या वहीत मांडायचा?

तेव्हा मागणे थोडेच आहे. पूर येण्याआधी, चैत्र-वैशाखात, शांत डोक्याने हे ठरावे की कोणत्या पातळीला कोणते दार किती उघडेल आणि हुकूम कोणाच्या सहीने निघेल. सर्व धरणांची बेरीज एका जागी व्हावी, आणि दौंडला किती पाणी पोहोचेल हे दार उघडण्यापूर्वीच काढले जावे. इशारा शहरात जितक्या लवकर जातो तितक्याच लवकर काठच्या शेवटच्या वस्तीवर जावा, म्हणजे निदान मोटारी वर काढता येतील, गुरे सोडता येतील. आणि जे शिवार वारंवार पाणी झेलते त्याची भरपाई दया म्हणून नव्हे, हक्क म्हणून, आधी ठरलेल्या दराने मिळावी. पूररेषेच्या आत, निळ्या रेषेच्या पात्रात, शहराने घरे बांधू नयेत, हेही त्यातच आले. कारण शहर आपले पात्र जितके आवळील तितका त्याचा निर्णय खालच्यांना जड जाईल.

मिसिसिपीच्या काठच्या लोकांना हे शहाणपण दहा हजार माणसांची घरे गेल्यावर आले. पुण्याने त्याची किंमत १९६१ साली मोजली. पुराचे दार कधी ना कधी उघडावेच लागते. ते रात्रीच्या अंधारात, घाबऱ्या हाताने उघडायचे, की आधी सर्वांच्या समक्ष ठरवून उघडायचे, एवढेच आपल्या हाती आहे. वसंतात आपण येथे जमलो आहोत, नदीचे पात्र कोरडे आहे, वेळ हाताशी आहे. बोलायचे ते आताच बोलले पाहिजे.