आयबीएम गेली, मशीनं राहिली

फोन दोन वर्षांत बदलायची सवय लागलेल्या आपल्या पिढीला ही गोष्ट मला सांगायचीच होती.

आयबीएम 1401 हा कॉम्प्युटर 1959 साली आला. भारतात कंपनीने तो बऱ्याचदा वापरलेलाच आणला, दुरुस्त केला आणि भाड्याने दिला. जुना माल आपल्या गळ्यात मारला, अशी टीका झाली. चुकीची नव्हती ती. पण मला रस आहे तो त्या मालाचं पुढे काय झालं यात.

1973 च्या 'फेरा' कायद्याने परदेशी मालकी 40 टक्क्यांवर आणायला सांगितलं. आयबीएमला ते मान्य नव्हतं. 1978 मध्ये ती गेली. नवीन मशीन आणायचं तर आयात परवाना हवा, परकीय चलन हवं, सगळीच बोंब! मग 800 हून जास्त ठिकाणची मशीनं सांभाळली कोणी? सीएमसी या सरकारी कंपनीने. पूर्ण नाव कॉम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशन. बघा, नावातच मेंटेनन्स!

1401 च्या पोटात छोटी छोटी कार्डं खोचलेली असत, त्यांवर सुटे ट्रान्झिस्टर. बिघडलेलं कार्ड शोधायचं, उपसायचं, जळालेला ट्रान्झिस्टर काढून दुसरा सोल्डर करायचा, हे तिथे शक्य होतं. तुमच्या फोनच्या चिपमध्ये अब्जावधी ट्रान्झिस्टर आहेत. त्यातला एक बदलून दाखवा बरं!